तापमानाचा रकाना

मनू, ओजस,

परवा रविवारी तुम्ही विचारलंत, "आजी, तिकडे खूप गरम आहे का गं?" आणि मी उत्तर न देता फोन टेबलावर ठेवून गॅलरीत गेले. परत येऊन "एक्केचाळीस" म्हणाले, तेव्हा तुम्ही दोघं हसत सुटलात. ओजस म्हणाला, "अगं, हो की नाही एवढंच सांगायचं होतं." खरं आहे. पण ही सवय मला एका माणसामुळे लागली, आणि ती कशी लागली हे मी तुमच्या आईलासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही. आता तुम्ही दोघंही मोठे झालात. सांगून टाकते.

नागपूरच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान विभागाची प्रयोगशाळा सांभाळत असे, हे तुम्हाला माहीत आहे. चाव्या, उपकरणं, पत्रव्यवहार आणि नोंदवह्या, सगळं माझ्याकडे. मला नीटनेटकेपणाची आवड होती आणि त्याचा थोडा अभिमानही होता. विभागाचे जे प्रमुख होते त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते चाललं नसतं.

सर खापरखेड्याच्या वसाहतीत वाढलेले. वडील तिथल्या वीजकेंद्रात होते. प्राध्यापक झाले तरी घर तिथेच ठेवलं, आणि रोज बसने येत. बोलणंही तिथलंच ठेवलं. इंग्रजी शोधनिबंध लिहिणारा हा माणूस वर्गात म्हणायचा, "समजलं नाही त मले विचारा, बाजूच्याले काहून विचारून राहिले?"

त्यांच्या खिशात नेहमी गॅस पेटवायचा लायटर असे. स्वयंपाकघरात असतो तोच, टक् करून ठिणगी पाडणारा. ते विडी-सिगारेट ओढत नव्हते आणि चहासुद्धा स्वतः करत नव्हते. विचार करताना तो एकदा वाजवत, नाराज झाले की दोनदा. सभेत प्राचार्य बोलत असताना टक्-टक् ऐकू आलं की आम्ही माना खाली घालायचो.

त्या लायटरात एक बारीकसा खडा असतो. त्याच्यावर ठोका पडला की त्यातून वीज निघते. उलट, त्याला वीज दिली की तो किंचित लांबतो किंवा आखडतो. सरांचं सगळं आयुष्य अशा खड्यांमध्ये गेलं. मातीची भांडी भाजतात तशी पांढरी भुकटी दाबून, भट्टीत भाजून ते छोट्या चकत्या करत. बटणाएवढ्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना चांदीचा लेप. जगात असे खडे बहुतेक शिसं घालून करतात, कारण शिशाने काम चोख होतं. सरांना शिसं नको होतं. "लायटर फुटला की शिसं कचऱ्यात. कचऱ्यातून पाण्यात. पाण्यातून लेकराच्या पोटात," ते म्हणत. बिनशिशाची, तरीही तेवढीच जोरकस चकती करायची, हा त्यांचा ध्यास. त्यात वीस वर्षं गेली होती.

भाजून झालेली चकती लगेच काम करत नाही. तिच्या आत असंख्य बारीक भाग असतात आणि प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे असतं. गरम तेलात बुडवून तिला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा, म्हणजे सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळतात. हे काम चाले तेव्हा प्रयोगशाळेत कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नसे. सरांचा नियम होता, एक हात खिशात. काम एकाच हाताने. त्यांनी सीताबर्डीच्या शिंप्याकडून आमचे सगळ्यांचे पांढरे कोट मुद्दाम शिवून घेतले होते. त्यांना एकच खिसा होता, डावीकडे, कोपरापर्यंत हात जाईल एवढा. शिंपी म्हणाला होता, "सर, दुसरा विसरले का?" सर म्हणाले, "दुसरा हात कामाले लागते."

"वीज एका हातातून शिरते, दुसऱ्यातून निघते. मधात काळीज असते," एवढंच ते सांगत. त्यांचे एक काका शेतातल्या पंपावर असेच गेले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी आमच्या रामभाऊ शिपायाकडून कळलं.

वीज देऊन झाली की चकती डबीत ठेवायची आणि चोवीस तास तिला हात लावायचा नाही. डबीवर सर चिठ्ठी चिकटवत, 'झोपली आहे'. एकदा प्राचार्य पाहुण्यांना घेऊन नवी चकती बघायला आले. रामभाऊ दारातच ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, झोपून राहिली. उद्या या." पाहुणे घाबरून मागे सरले. सरांना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर सांगितलं गा त्यानं."

आणि शेवटचा नियम, ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे. मोजमाप घेताना नोंदवहीत आधी तापमान लिहायचं. मग बाकीचं. पेन्सिल चालेल, अक्षर कसंही चालेल, पण खोडरबर चालणार नाही. आकडा चुकला तर त्याच्यावर एक रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. "खोडा, पण गाडू नका," ते म्हणत. या कच्च्या वह्यांमध्ये तेलाचे डाग, चहाचे गोल, रेघोट्या. मला त्या बघवत नसत. म्हणून दर सत्राच्या शेवटी मी त्यांची सुवाच्य पक्की प्रत करत असे. सर ती उघडून बघत आणि म्हणत, "मॅडमनं लिहिलं म्हणजे लिहिलं." मला ते फार आवडे.

वैशाली नावाची एक मुलगी त्यांच्याकडे पीएचडी करत होती. उमरेडची. वडिलांचा हातमाग होता, तो बंद पडल्यावर ते कापडाच्या दुकानात कामाला लागले होते. ती रोज बसने जा-ये करायची. बोलायची कमी, पण बोलली की थेट. सरांच्या वीस वर्षांच्या खटपटीला फळ आलं ते तिच्या हातून. ज्या उन्हाळ्यात तिने नवीन मिश्रणाच्या चकत्यांचा जोर मोजला, त्या उन्हाळ्यात सरांच्या पत्नी फार आजारी होत्या आणि सर जवळजवळ तीन महिने इस्पितळात बसून होते. वैशाली प्रयोगशाळेत एकटीच मोजत होती. देखरेख माझी. आकडे इतके चांगले आले की तिने ते लगेच सरांना इस्पितळात फोन करून सांगितले. मग फोनमधून एक टक् ऐकू आलं.

निबंध छापून आला. पुढे दिवाळीच्या सफाईत मी कच्च्या वह्या रद्दीत दिल्या. पक्की प्रत तयार होती ना.

जानेवारीत दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. आम्ही पाठवलेल्याच चकत्या त्यांनी मोजल्या होत्या आणि त्यांना आमच्या निम्म्याहून थोडं जास्त एवढंच मूल्य मिळत होतं. पत्राची भाषा सभ्य होती. अर्थ सभ्य नव्हता. त्याची प्रत कॉलेजलाही गेली होती. आठ दिवसांत तिघांची चौकशी समिती नेमली गेली. सोमवारी अकरा वाजता बैठक ठरली.

शुक्रवारी सरांनी स्वतः चकती मोजायला घेतली. वैशाली आणि मी बाजूला उभ्या. बाहेर थंडी होती, खिडक्या बंद. यंत्रावर आकडा आला. सरांनी चकती उलटी करून पुन्हा मोजली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. आकडे त्या पत्रातलेच, उलट थोडे कमीच.

टक्-टक्.

"वैशाली, हे काय आहे?"

"सर, मी मोजलं तेव्हा बरोबर आलं होतं. रोज येत होतं."

"रोज येत होतं मंग आज काहून नाही?"

तिने बंद खिडक्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "सर, तेव्हा उन्हाळा होता. रूम लय गरम होती. एसी बंद होता."

सर माझ्याकडे वळले. "मॅडम? एसी बंद होता?"

मुलांनो, इथे मला थांबून तुम्हाला एक गोष्ट सांगावी लागेल. एसी बंद होता. मार्चपासून बंद होता. दुरुस्तीचं पत्र मी पाठवलं होतं, स्मरणपत्र पाठवायचं राहून गेलं होतं. ज्या संस्थेने आम्हाला अनुदान दिलं होतं तिच्या अटीत लिहिलं होतं की खोली सत्तावीस अंशांवर राखली जाईल. वैशालीच्या कच्च्या वहीत तापमानाच्या रकान्यात त्रेचाळीस, चव्वेचाळीस असे आकडे होते आणि दोन-तीन ठिकाणी तिने नुसतं 'लय गरम' लिहिलं होतं. पक्की प्रत करताना मी त्या सगळ्या रकान्यात सत्तावीस लिहिलं. ओळीने, खालपर्यंत. मला वाटलं, तापमान म्हणजे खोलीची माहिती, खरं मोजमाप ते शेजारचं. माझ्या विभागातला एसी तीन महिने बंद होता, हे कागदावर येऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं.

आणि त्या शुक्रवारी मी म्हणाले, "नोंदीत सत्तावीस आहे, सर."

हे वाक्य खोटं नव्हतं. नोंदीत सत्तावीसच होतं. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या ओळखीच्या घराचं दार आतून लावलेलं निघावं, तशी ती बघत राहिली.

"कच्ची वही?" सरांनी विचारलं.

"दिवाळीच्या सफाईत गेली."

सरांनी डोळे मिटले. "जाऊ द्या. पक्की आहे न." मग वैशालीला म्हणाले, "मॅडमचं अक्षर मी पंधरा वर्षांपासून वाचून राहिलो. तुझं वर्षभर. सत्तावीसात मोजलं असशील त आज थोडा फरक पडला असता, इतका नाही. आकडे तू कुठून आणले, ते सोमवारच्या आधी मले सांग."

"आणले नाही, सर. मोजले."

"मंग सोमवारी समितीले सांग."

ती गेली. दार आपटलं नाही तिने. हळूच लावलं.

शनिवार, रविवार मी घरी काय केलं ते आठवत नाही. तुमच्या आजोबांनी दोनदा विचारलं, भाजीत मीठ का नाही. निवृत्तीला तीन महिने उरले होते. पंधरा वर्षांत माझ्या कामात कोणी एक चूक दाखवली नव्हती. मी स्वतःला सांगत होते की दोन-चार अंशांनी, दहा अंशांनी काय फरक पडणार आहे. मी शास्त्रज्ञ नव्हते. मला ठाऊक नव्हतं, असं मला म्हणता आलं असतं. पण सरांनी एसीबद्दल विचारलं होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

सोमवारी साडेनऊलाच गेले. सर टेबलाशी बसून हाताने काहीतरी लिहीत होते. समोर निबंध मागे घेत असल्याचं पत्र. त्याच्याखाली दुसरा कागद, विद्यापीठाला लिहिलेला. वैशालीची नोंदणी रद्द करावी म्हणून. त्यावर सही व्हायची होती. पेन हातातच होतं.

"सर, ते सत्तावीस माझं आहे," मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं.

"एसी बंद होता. तीन महिने. तिने त्रेचाळीस-चव्वेचाळीस लिहिलं होतं. मी बदललं."

माझी कल्पना होती की ते ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला वाटतही होतं. ते पेनचं टोपण लावत एकच शब्द म्हणाले, "काहून?"

मी सांगितलं. अनुदानाची अट, स्मरणपत्र, सगळं. सांगताना ते किती लहान कारण आहे हे माझं मलाच ऐकू येत होतं.

सर उठून उभे राहिले. खिशातला लायटर काढला, पण वाजवला नाही. "त्रेचाळीस," ते स्वतःशीच म्हणाले. मग एकदम, "रामभाऊ! हीटर आण गा. ऑफिसातला, स्टाफरूममधला, प्राचार्यांच्या केबिनमधला. सगळे. आणि वैशालीले बोलाव."

वैशाली खाली पायरीवरच बसली होती. तिच्याबरोबर उमरेडहून तिचे वडील आले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. ते वर आले नाहीत. म्हणाले, शिकलेल्यांची बैठक आहे, मी इथेच बरा.

यंत्र आम्ही मागच्या छोट्या भांडारखोलीत नेलं. चार हीटर लावले, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. अकरा वाजता समितीचे तिघे आले, अंगात स्वेटर, एकाच्या गळ्यात मफलर. सर म्हणाले, "आत बसावं लागते, साहेब. गैरसोय होईल."

अध्यक्ष जरा तुसडेपणाने म्हणाले, "आम्ही प्रयोग बघायला नाही, खुलासा ऐकायला आलोत."

"खुलासा गरम व्हायले वेळ लागते. बसा."

त्या खोलीत आम्ही सहा जण. सरांनी वैशालीला यंत्रासमोर बसवलं आणि भिंतीवरच्या तापमापकाजवळ स्वतः उभे राहिले. तापमान ते वाचत होते, आकडा वैशाली. मला वही दिली होती. कच्ची. पेन्सिलीने.

"सव्वीस." वैशालीने आकडा सांगितला. पत्रातल्याएवढाच.

"एकतीस." किंचित वर.

"पस्तीस." मफलर निघाला. आकडा सावकाश चढत होता, पण तिच्या जुन्या आकड्यापासून अजून फार लांब होता. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, कदाचित तापमानाचा काही संबंधच नसेल. मग माझी कबुली तिला वाचवणार नाही, आणि माझीही अब्रू गेलेलीच. खरं सांगते, हा विचार मनात येऊन गेला.

"अडतीस." आता आकडा झपाट्याने वर गेला. वैशालीने तो घाईने दोनदा सांगितला. सर मागे न बघता म्हणाले, "डावा हात खिशात वं. शांत."

"एक्केचाळीस."

स्वेटर निघाले होते. सगळ्यांच्या कपाळावर घाम. अध्यक्ष खुर्ची पुढे सरकवून यंत्रावर वाकले होते.

"त्रेचाळीस."

वैशालीने आकडा वाचला. तिच्या छापलेल्या निबंधात होता तोच आकडा, जवळजवळ.

सरांनी हीटर बंद करू दिले नाहीत. "अजून थांबा." सेहेचाळीसला आकडा पुन्हा खाली आला. त्या चकतीची रचना नेमकी त्रेचाळीसच्या आसपास एका घडीतून दुसऱ्या घडीत जात होती, आणि त्या उंबरठ्यावर ती सगळ्यात जोरात बोलत होती. दक्षिणेतल्या थंडगार खोलीत ती गप्प राहिली. नागपूरच्या मे महिन्यात, एसी बंद असलेल्या खोलीत, ती खरं बोलत होती.

अध्यक्षांनी विचारलं, "मग नोंदीत सत्तावीस कसं?"

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. सर म्हणाले, "नोंद माझ्या विभागात चुकली. बाकीचं मॅडम सांगतील." माझं बोलणं त्यांनी माझ्याऐवजी केलं नाही, आणि त्यातून मला सोडवलंही नाही. मी उभी राहिले आणि सांगितलं.

समिती गेल्यावर सर वैशालीला म्हणाले, "मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. कागदावर ठेवला." तिने मान डोलावली. क्षमा केल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमचे बाबा म्हणतात, धागा चुकला त उसवा लागते. वरून किनार लावून चालत नाही."

मी पक्की प्रत घेतली आणि पहिल्या सत्तावीसवर रेघ मारून शेजारी त्रेचाळीस लिहायला गेले. सरांनी पानावर हात ठेवला.

"कशावरून त्रेचाळीस? बेचाळीस असन. चव्वेचाळीस असन. तुम्हाले माहीत आहे का कोणत्या दिवशी किती होतं?"

"नाही."

"मंग त्रेचाळीस लिहाल त ते दुसरं खोटं. 'नोंद उपलब्ध नाही' लिहा. सही करा. प्रत्येक ओळीपुढे."

बासष्ट ओळी होत्या. बासष्ट रेघा, बासष्ट सह्या. याचा अर्थ तो सगळा उन्हाळा वैशालीच्या प्रबंधातून गेला. तिच्यावरचा डाग गेला, पण वर्षही गेलं. निबंध मागे घेतला गेला. तिला सगळं पुन्हा मोजावं लागणार होतं, पुढच्या मे महिन्यात.

त्या मे महिन्यात मी निवृत्त झाले होते. सरांचा फोन आला. "मॅडम, एसी दुरुस्त झाला."

"अरे वा."

"तो बंद करून आम्ही मोजून राहिलो. नोंद करायले कोणी पाहिजे."

मी गेले. दुपारी रस्ते ओस पडलेले, खोलीत भट्टीसारखी हवा. भिंतीवर नवीन तापमापक. वैशाली यंत्रासमोर बसली होती, डावा हात खिशात. मी वाचलं, "त्रेचाळीस आणि अर्धा," आणि वहीत लिहिलं.

वैशाली उठली. माझ्या शेजारी येऊन तिने तापमापक स्वतः वाचला. मग वाकून माझी नोंद वाचली. मग जागेवर जाऊन बसली.

मला ते लागलं. सर दाराशी उभे होते, त्यांनी पाहिलं, पण लायटर वाजवला नाही. पुढच्या नोंदीला मी आकडा सांगितला आणि तिला तापमापक नीट दिसावा म्हणून एक पाऊल बाजूला सरकले. महिनाभर रोज हेच चाललं. प्रत्येक नोंदीला ती उठायची, प्रत्येक नोंदीला मी सरकायचे. शेवटच्या दिवशीसुद्धा.

पुढे तिचा प्रबंध झाला. त्यात मागे तापमानाचा तक्ता आहे, माझ्या हातच्या नोंदींवरून केलेला. प्रत्येक ओळीपुढे दोन सह्या आहेत, आधी माझी, मग तिची.

म्हणून रविवारी मी गॅलरीतला तापमापक बघायला गेले. न बघता सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मला नक्की माहीत नव्हतं.

तुमची,
आजी